तिसरा ब्रश

एकेचाळीस वर्षं मी लोकांच्या दाढ्या केल्या आणि माझ्या मुलीने नवरा निवडला तो दाढीवाला. दाढी म्हणजे साधीसुधी नव्हे. कानापासून गळ्यापर्यंत, मिशीसकट दोन्ही ओठ झाकून टाकणारी, काळीभोर, झुडपासारखी. लग्नाची बोलणी करायला तो माझ्या सलूनमध्ये आला तेव्हा मी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हटलं, "बसा. पहिली दाढी सासऱ्याकडून फुकट." तो हसला, पण बसला नाही. माणूस मनातून उतरला असं मी म्हणणार नाही. मनात कधी चढलाच नव्हता.

नोकरीही तसलीच. बसच्या मोठ्या डेपोत हरवलेल्या सामानाची एक खिडकी असते, तिच्यामागे आमचे जावईबापू बसतात. लोक बसमध्ये छत्र्या, डबे, चष्मे विसरतात. हे त्यांना चिठ्ठ्या बांधतात आणि फळीवर ठेवतात. कुणी आलं की काढून देतात. बास. धडधाकट माणसाला याचा पगार मिळतो.

गिऱ्हाईक विचारायचं, जावई काय करतात? मी सांगायचो, "छत्र्या वाळवतात." खुर्च्या दोन आणि वाट बघणारे चार, सगळे खो खो हसायचे. दुसऱ्या खुर्चीवर माझा भागीदार काम करायचा. डाव्या हाताने वस्तरा चालवतो म्हणून सगळे त्याला डावखुऱ्याच म्हणत. तो विचारायचा, "आणि दादा, त्या दाढीत एखादं हरवलेलं सामान सापडतं का कधी?" हा विनोद त्याने नऊ वर्षं केला आणि मी नऊ वर्षं हसलो.

मग एका सकाळी गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली फेस लावताना हातातून ब्रश गळून पडला. उचलायला वाकलो आणि मीही पडलो. अर्धांगाचा झटका. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटायला लागला, तोंडाची उजवी बाजू ओघळली. जीभ मात्र शाबूत राहिली. मुलगी म्हणते, देवाने हिशेब जरा उलटा करायला हवा होता.

बायको जाऊन सहा वर्षं झालेली, त्यामुळे दवाखान्यातून सुटल्यावर मुक्काम मुलीकडे. आरशात बघितलं तर सतरा दिवसांची पांढरी खुंटं, त्यात औषधाचे ओघळ. डावखुऱ्या भेटायला आला तो माझी दाढी करायच्या तयारीने, हातात एक पत्र्याचा डबा. बटण दाबलं की फुस्स करून फेस बाहेर.

"माझे ब्रश कुठेत?" मी विचारलं.

"टाकले दादा. आता कोण घासत बसतंय!"

चार ब्रश होते, डुकराच्या केसांचे. त्यातला एक एकोणीस वर्षांचा, रेशमासारखा झालेला. मी झटका येऊन पडलो त्याला अजून महिनासुद्धा झाला नव्हता. मी म्हटलं, "तो डबा घेऊन निघ." तो गेला आणि माझी खुंटं तशीच राहिली. डाव्या हाताने एकदा स्वतः करून बघितली. मुलीने न्हाणीघरातलं रक्त पुसलं आणि रेझर कपाटात कुलूप लावून ठेवला.

त्या संध्याकाळी जावई माझ्या खाटेशी उभा राहिला. "मामा, मी करून देऊ का?"

मला इतकं हसू आलं की तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून चहा सांडला. ज्याने नऊ वर्षांत स्वतःच्या तोंडाला पातं लावलं नाही, तो माझी दाढी करणार! म्हटलं, याला एकदाच पळवून लावावा.

"आधी ब्रश आणा," मी म्हटलं. "डुकराच्या केसांचा. मग बघू."

दुसऱ्या दिवशी त्याने आणला. मखमली डबीत, दांडा चकचकीत, केस मऊ, मधोमध काळा पट्टा. दुकानदाराने म्हणे सांगितलं होतं की डुक्कर काय घेता, हा बिज्जू नावाच्या जनावराच्या केसांचा आहे, परदेशी. मी मुलीकडून कोमट पाणी आणि पांढरा रुमाल मागवला. ब्रश बुडवला, रुमालावर घासला. रुमाल काळा झाला आणि पट्टा गेला.

"हे डुक्करच आहे," मी म्हटलं. "लग्नाला नेतात तसं रंगवून आणलंय. शिवाय टोकं कातरलेली आहेत, म्हणून हाताला एकसारखी लागतात. तुम्हाला छत्री ओळखता येते ना? बाकी सगळं राहू द्या."

त्याने ब्रश परत डबीत ठेवला आणि दोन दिवसांनी दुसरा आणला. तो नायलॉनचा निघाला. मासे धरायच्या गळाचा दोर कापून बांधल्यासारखा. मी तो मोरीत टाकला. तिथली फरशी घासायला छान आहे, मुलगी अजून वापरते.

"मामा, तुम्हीच चला मग," तो म्हणाला. "मला नाही कळत."

नाही कळत, हे मान्य करणाऱ्या माणसाचा मला जास्तच राग येतो. पण घरात बसून बसून मी आंबलो होतो. काठी घेतली आणि निघालो. तो माझ्या उजव्या बाजूने चालत होता, हात न लावता, पण पडलो तर सापडेन इतक्या अंतरावर. मला त्याचाही राग आला.

दुकान दाढीच्या सामानाचंच होतं, काचेच्या कपाटांचं. दुकानदाराने माझ्या खुंटांकडे आणि काठीकडे बघितलं आणि स्वस्तातला ट्रे पुढे सरकवला. नशीब त्याचं. स्वस्तातच चांगलं होतं.

मी एकेक ब्रश डाव्या हातात घेऊन नाकाशी नेला. ज्याला वास नाही तो धुवून धुवून मारलेला. ज्याचा दांडा हलका तो ओला झाला की पुढे झुकणार. केस ओढून बघितले. दोनतीन सुटणार, मूठभर सुटले तर मुळाशी डिंक कमी. मग उजेडाकडे धरून टोकं बघितली. कातरलेलं टोक चौकोनी दिसतं. अस्सल टोक निमुळतं असतं, आणि वापरून वापरून तेच फाटतं, एका केसाचे दोन-तीन धागे होतात. तो फाटला की मऊ पडतो. न फाटलेला केस मरेपर्यंत टोचतो.

"साहेब, सगळे सारखेच असतात हो," दुकानदार म्हणाला.

"तुझ्या दुकानात असतील," मी म्हटलं. एकविसावा ब्रश घेतला. आखूड, लाकडी दांड्याचा, केराच्या झाडूसारखा ताठ. जावयाने तो बोटावर घासून बघितला आणि त्याचा चेहरा पडला. ती दाढी असूनही मला ते दिसलं.

"हा? मामा, हा तर तारेसारखा आहे."

"आजचा नका बघू. पंधरा दिवसांनंतरचा बघा. तेवढा दम असेल तर घ्या, नाहीतर तो डब्यातला फुस्स फेस आहेच."

त्याने घेतला.

मग आमची शाळा सुरू झाली. मी खाटेवर, तो समोर स्टुलावर. आधी ब्रश कोमट पाण्यात भिजवायचा, कढत नाही. कढत पाण्याने मुळाचा डिंक जातो. पहिल्या दिवशी पाण्यातून असा वास उठला की मुलीने तो पाण्याचा मग उचलून गॅलरीत ठेवला आणि दार लावलं. मग साबणावर फिरवायचा आणि तळहातावर फेस काढायचा. नवा ब्रश फेस खातो. कितीही काढा, आत जिरतो आणि वर नुसतं गढूळ पाणी. जावई घासतोय, घासतोय, तळहात लाल झाला तरी घासतोय.

"दाबू नका! फरशी आहे का ती? टोकांनी काम करा. टोकांनी!"

"हो मामा."

"गोल फिरवा. छत्री फिरवल्यासारखी, म्हणजे तुम्हाला समजेल."

"हो मामा."

फेस आला की तो धुवायचा नाही. तसाच ब्रशात रात्रभर ठेवायचा, सकाळी धुवायचा, झटकायचा आणि केस खाली करून टांगायचा. तो डेपोत जायच्या आधी आणि आल्यावर, दोन्ही वेळा बसायचा. एकदाही कंटाळला नाही. मला वाटलं, छत्र्यांना चिठ्ठ्या बांधणाऱ्याला कंटाळा येईल कुठून? त्याची सवयच गेली असणार.

सहाव्या दिवशी मी म्हटलं, "हातावर किती दिवस खेळणार? ब्रशाला गाल लागतो, खुंटं लागतात. आणि माझ्या गालावर तुम्हाला शिकू देणार नाही. स्वतःच्या गालावर शिका. उतरवा ते झुडूप."

मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती ती थांबली. "बाबा, ते नको."

"का? दाढीत काय जीव अडकलाय का त्यांचा?"

"बाबा, मी सांगते ना."

"राहू दे," जावई तिला म्हणाला. माझ्याकडे न बघता त्याने ब्रश झटकला आणि टांगला.

दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती. सकाळी तो न्हाणीघरात गेला तो तासभर आत. बाहेर आला तेव्हा मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि मी बघितलं.

वरच्या ओठापासून नाकपुडीपर्यंत एक पांढरी, वाकडी शिवण. जन्मतः फाटलेला ओठ, लहानपणी कुणीतरी शिवलेला आणि घाईत शिवलेला. त्या जागी ओठ वर ओढला गेला होता, खालून दाताचं टोक दिसत होतं. दाढीखालचं कातडं, कधी उजेड न बघितलेलं, कच्च्या पिठासारखं पांढरं. जागोजाग पात्याचे ओरखडे. शिवणीजवळ तीन.

मी सगळ्या गल्लीला सांगायचो की माणसाचा चेहरा एकदा बघितला की मला त्याची सगळी कुंडली कळते. नऊ वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून जेवत होता. वरच्या ओठावर मिशीचे केस एका जागी वेगळे वळतात, एवढंसुद्धा मला दिसलं नव्हतं. नवख्या कारागिराला दिसलं असतं.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "डाव्या कानाखाली राहिलीय."

तो आत गेला आणि राहिलेली काढून आला.

त्यानंतर एक गोष्ट झाली ती मला आवडली नाही, पण उपयोगाची होती. ब्रश कितपत तयार झाला हे मला ठरवता येईना. माझा उजवा गाल बधिर, आणि डाव्यावर ब्रश लावून घेतला तरी कळायचं नाही. चाळीस वर्षं रोज वस्तरा फिरवून तो गाल चपलेच्या तळासारखा झालाय. जावयाच्या ओठावरची शिवण मात्र केस न् केस ओळखायची. तो फेस काढायचा, ब्रश ओठावर टेकवायचा आणि डोळे मिटायचा.

"टोचतो?"

"टोचतो."

दुसऱ्या दिवशी, "टोचतो?"

"टोचतो, पण कालच्यापेक्षा कमी. एकाच बाजूने."

मी बाजू बघितली. तिकडची टोकं अजून फाटली नव्हती. खरंच. मी ब्रश परत दिला आणि म्हटलं, "मग त्या बाजूने घासा, मला काय सांगताय." पंधराव्या दिवशी त्याने ब्रश ओठावर फिरवला, परत फिरवला आणि म्हणाला, "आज नाही टोचत, मामा."

त्या दिवशी त्याने माझी दाढी केली. वस्तरा त्याच्या हातात देण्याइतका मी जिवावर उदार झालो नव्हतो, साध्या पात्याच्या रेझरने केली. फेस चांगला होता, हे मी कबूल करतो. दाट, गार न पडणारा, केस मुळापासून उभे करणारा. बाकी सगळं गचाळ. पाऊण तास. बधिर बाजूला दोन ठिकाणी कापलं, मला आरशातच दिसलं. "इतक्या वेळात मी चार माणसं उरकायचो," मी म्हटलं. "हो मामा," तो म्हणाला आणि तुरटी लावली.

असं एक दिवसाआड चाललं. चौथ्या की पाचव्या वेळी डावखुऱ्या आला. मी खिडकीशी बसलेलो, अर्ध्या तोंडाला फेस, जावई वाकून हनुवटीखाली ब्रश फिरवत होता. डावखुऱ्याने त्याच्याकडे बघितलं, पुढे आला, अजून जवळून बघितलं. आणि मांडीवर थाप मारली.

"दादा, नऊ वर्षं विचारत होतो ना, दाढीत काय हरवलंय? सापडलं की! अर्धा ओठ!"

आणि मी हसलो.

ठरवून नाही हसलो. गुडघ्यावर मारलं की पाय उडतो तसं. अर्धं तोंड हसलं, अर्धं लोंबतच होतं, फेस उडून डावखुऱ्याच्या सदऱ्यावर पडला आणि तो अजून हसला. जावयाचा हात थांबला. मग त्याने राहिलेला फेस लावला, दाढी पूर्ण केली, उलट्या बाजूनेही हात फिरवून बघितला, तोंड पुसलं. ब्रश धुतला, झटकला, टांगला. त्या दिवशी एकदाही कापलं नव्हतं.

दोन दिवसांनी सकाळी मी खिडकीशी जाऊन बसलो. तो लवकर निघून गेला होता. पुढच्या वेळी पण तेच. घरी आल्यावर माझं ताट वाढायचा, गोळ्या द्यायचा, "मामा, पाणी ठेवलंय," म्हणायचा. दाढीचं नाव नाही. त्याच्या स्वतःच्या तोंडावर काळी खुंटं दिसायला लागली होती.

मी मुलीला म्हटलं, "काय नखरे चाललेत तुझ्या नवऱ्याचे?"

ती भाजी निवडत होती. हातातलं तसंच ठेवून म्हणाली, "बाबा, दहा वर्षांचे होईपर्यंत त्यांची तीन ऑपरेशनं झाली. शाळेत त्यांना कुणी नावाने हाक मारली नाही. मला विचारायला आले तेव्हा आधी अंगठा लावून केस बाजूला केले आणि म्हणाले, हे आधी बघून घे. लग्नानंतर दाढी काढली नाही ती तुमच्यामुळे. मी म्हटलं होतं, बाबांना सांगू. ते म्हणाले, नको, दाढीवरून हसतात तेवढं पुरे आहे."

मी म्हटलं, "मग कशाला काढली?"

मी गिऱ्हाइकांकडे बघायचो तसं तिने माझ्याकडे बघितलं. फुकट सल्ले देणाऱ्या गिऱ्हाइकांकडे. "तुमच्या तोंडावर डाव्या हाताने केलेले ते सात काप त्यांनी मोजले होते," ती म्हणाली आणि परत भाजी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी काठी घेतली आणि डेपोवर गेलो. सरळ रस्त्याने दहा मिनिटं. मला पाऊण तास लागला. दोनदा दुसऱ्याच्या ओट्यावर बसलो. एका बाईने मला नाणं दिलं, तेही खिशात घातलं. वाद घालायला दम नव्हता.

खिडकीसमोर रांग होती, मी तिच्यात उभा राहिलो. जावयाने मला बघितलं नव्हतं. पुढे जो कोण जाई, तो आधी त्याच्या ओठाकडे बघत होता. मग पटकन दुसरीकडे. मग परत ओठाकडे. एक शाळकरी मुलगी तर बोलायचं विसरली. हा मान सरळ ठेवून प्रत्येकाला तेच विचारत होता, कुठल्या नंबरची बस, किती वाजता, रंग कोणता. एका बाईच्या बाळाचा बूट हरवला होता. "डावा की उजवा?" त्याने विचारलं. तिला आठवेना. त्याने आतून चार बूट आणून ओळीत मांडले आणि ती बघेपर्यंत थांबला. घाई नाही, वैताग नाही. दिवसभर असे शंभर लोक, आणि शंभर वेळा तो ओठ. दाढी काढल्यापासून रोज.

माझा नंबर आला.

"मामा? एकटे आलात?" तो उभाच राहिला. "काय झालं? पडलात का?"

वाटेत मी वाक्यं तयार केली होती. ब्रश वाळून कडक झालाय, असं म्हणायचं ठरवलं होतं. पण एकदा तयार झालेला ब्रश कडक होत नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं.

"त्या दिवशी मी हसलो," मी म्हटलं.

त्याने हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

"तो हसला ते सोडा. तो गाढव आहे. मी हसलो."

"हो," तो म्हणाला. "बघितलं मी."

"हसायला नको होतं." माझी जीभ, जी झटक्यानेही गेली नव्हती, ती तेवढ्यात अडखळली. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, लवकर आटपा." मी वळून त्याला शिवी देणार होतो, पण नाही दिली.

जावयाने खिडकीचं छोटं दार उघडलं. "आत येऊन बसा. दीडला जेवायची सुट्टी होते."

मी आत जाऊन बाकावर बसलो. फळ्यांवर सगळीकडे छत्र्या होत्या, सगळ्या वाळलेल्या, नीट गुंडाळलेल्या. दीड वाजता त्याने डबा उघडला आणि अर्धा माझ्यापुढे ठेवला. जेवण झाल्यावर घरी न्यायला त्याने रिक्षा बोलावली. बसताना त्याने पहिल्यांदा माझा दंड धरला आणि मी धरू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश कोमट पाण्यात होता.

याला आता आठ महिने झाले. त्याने दाढी परत राखली नाही. राखावी असं मी दोनदा म्हटलं. तो म्हणाला, आता लोकांना सवय झाली, परत कशाला नवीन सुरुवात. डावखुऱ्या एकदा जिन्यापर्यंत आला होता. मी वरूनच सांगितलं की माझी दाढी चालू आहे, आणि दाढी करताना मला गर्दी आवडत नाही. तो परत आला नाही.

एक दिवसाआड जावई माझ्यासमोर स्टूल ओढतो. अजून पाऊण तास लागतो. माणूस मुळातच सावकाश, त्याला मी तरी काय करणार? हात हलका आहे, पण पातं फार आडवं धरतो, आणि जबड्याच्या कोपऱ्यावर गेला की बिचकतो. मी दर वेळी त्याच्या तीन चुका मनात मोजतो. सांगतो एकच.